लोगनची कबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे आली आणि मी एकालाही उत्तर दिले नाही, ही गोष्ट कित्येक दिवस मनाला लागून राहिली आहे. त्याबद्दल क्षमा कर. घरी सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत, माझी पाठही आता बरी आहे.

पत्रास कारण की, परवा रात्री मी एकटाच ‘डेडपूल अँड वुल्व्हरीन’ पाहायला बसलो आणि पहिल्या काही मिनिटांतच तो बंद करून दिवा लावला. दुसऱ्या कुणाला हे सांगितले तर तो म्हणेल, सिनेमाच तर आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे! तू तसे म्हणणार नाहीस, कारण २०१७ साली वुल्व्हरीनच्या, म्हणजेच लोगनच्या, मरणावर ‘लोगन’ हा चित्रपट संपला तेव्हा तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतास.

लोगनच्या कबरीवर लाकडाचा क्रूस आहे. सगळी मुले पुढे निघतात, त्याची मुलगी लॉरा एकटी मागे थांबते, क्रूस उपटून तिरपा रोवते आणि त्याचा ‘एक्स’ होतो, लोगनच्या ‘एक्स-मेन’ या महानायकांच्या टोळीची खूण. नामावली संपून दिवे लागले तरी आपण दोघे उठलो नव्हतो. ह्यू जॅकमनने २००० सालापासून केलेल्या त्या भूमिकेचा तो निरोप होता, त्याने तसे सांगितलेही होते, आणि आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून डोळे पुसले होते. २०२४ च्या या चित्रपटात सुरुवातीलाच ती कबर उकरली आहे. सांगाडा बाहेर काढला आहे आणि त्याचीच हाडे हत्यारांसारखी वापरून, नाचाच्या गाण्यावर मारामारी केली आहे. कथेच्या हिशेबाने तो लोगन मेलेलाच राहतो आणि पुढे येतो तो दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरीन, हे मला कळते. चित्रपटाने १३० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली, म्हणजे लोकांना तो आवडला, हेही मान्य. पण मला मात्र कुणीतरी आपल्या घरातल्या माणसाच्या फोटोवर शाई ओतल्यासारखे वाटले.

खरी काळजी वेगळीच आहे. या महानायकांच्या चित्रपटांतल्या मरणावरचा माझा विश्वासच उडाला आहे. २०१९ साली ‘एंडगेम’मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला तेव्हा आपल्या मागच्या रांगेतला तो धिप्पाड गृहस्थ हुंदके देत होता आणि तू त्याला स्वतःचा रुमाल दिला होतास (तो परत मिळाला नाही, म्हणून नंतर आठवडाभर माझ्यापाशी कुरकुरत होतास). आता ती भूमिका करणारा रॉबर्ट डाऊनीच डॉक्टर डूम नावाचा खलनायक होऊन परत येणार, असे २०२४ च्या जुलैमध्ये जाहीर झाले. पात्र वेगळे असेल, पण चेहरा तोच ना? मग त्या हुंदक्यांचे काय करायचे? कुणीही केव्हाही परत येणार असेल, तर कुणी गेल्याचे दुःख मी कशाच्या भरवशावर करायचे?

तू म्हणशील, मी हे कधीपासून सांगतो आहे. घट्ट पोशाखातल्या लोकांचे सिनेमे पोरांसाठी, मोठ्यांनी माणसांचे सिनेमे पाहावेत, हे तुझे पालुपद माझे पाठ झाले आहे. त्यावर ‘लोगन’ला पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते, हे माझे ठरलेले उत्तर. २०२३ मध्ये माणसांचा सिनेमा म्हणून तूच मला ओढून ‘ओपेनहायमर’ला नेलेस, चौकशीच्या प्रसंगांत माझ्या खांद्यावर डोके ठेवून शांत झोपलास आणि बाहेर आल्यावर विचारलेस, तो स्ट्रॉस झालेला नट कोण रे? अरे, तोच आपला आयर्न मॅन! पुढच्या वर्षी त्याच कामासाठी त्याला ऑस्कर मिळाले.

पण एक गोष्ट तुझ्यापाशी कबूल करायची आहे. तू मागे लागला होतास तो ‘द फादर’ मी अखेर गेल्या महिन्यात पाहिला. तो म्हातारा सारखा हातातले घड्याळ शोधतो, ते चोरल्याचा आळ दुसऱ्यावर घेतो. घरातले सामान बदलत जाते, मुलीचा चेहरासुद्धा बदलतो आणि हे घर नक्की कुणाचे, हे त्याच्याबरोबर आपल्यालाही कळेनासे होते. शेवटी तो आईसाठी रडतो, लहान मुलासारखा. या भूमिकेचे ऑस्कर मिळाले तेव्हा अँथनी हॉपकिन्स ८३ वर्षांचे होते. आणि त्या क्षणी मला आठवला तो ‘लोगन’मधला नव्वदी ओलांडलेला झेवियर, लोगनचा जुना गुरू. जगातला सर्वांत सामर्थ्यवान मेंदू, तोच आता निकामी होत चाललेला. आडव्या पडलेल्या पाण्याच्या टाकीत लपवून ठेवलेला. लोगन त्याला औषध देतो, शौचाला नेतो, उचलून पलंगावर निजवतो, चिडतोसुद्धा. दोन्ही चित्रपटांत एकच दुखणे आहे, आणि दोन्हींत गेलेले परत येत नाही, म्हणून ते आपल्याला इतके लागतात. तेव्हा आपण इतकी वर्षे पोशाखावरून भांडलो, ते भांडण आता मी मागे घेतो.

तुझी नवी नोकरी कशी आहे? वहिनींना नमस्कार. धाकटीच्या निकालाचे पेढे माझ्या वाट्याचे वेगळे ठेव.

पुढच्या वेळी येशील तेव्हा ‘लोगन’ पुन्हा पाहू. एकट्याने लावायचे धाडस मला होत नाही. ती मुलगी क्रूसाला हात घालील तेव्हा डोळ्यांपुढे तो उकरलेला सांगाडा आला तर, या भीतीने मी दोनदा सुरू करून थांबलो आहे. तू शेजारी असलास तर कदाचित तो येणार नाही. कधी येतोस ते कळव.

तुझाच