बरणी टेबलाच्या मधोमध ठेवणाऱ्या सरांना

सर,

सप्रेम नमस्कार.

काल पहाटे चाचणीच्या यंत्रावर हजारावं चक्र पूर्ण झालं. उष्णता साठवणारं आमचं मीठ हजार वेळा वितळलं, हजार वेळा गोठलं, आणि शेवटच्या खेपेलाही त्यानं जवळपास पहिल्या खेपेइतकीच उष्णता परत दिली. आलेख पडद्यावर आला तेव्हा आम्ही तिघंही काही बोललो नाही. सहकाऱ्यानं तो कागदावर छापून माझ्या हातात दिला, आणि मी त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर हे पत्र लिहायला घेतलं.

तुम्हाला एकट्याला लिहिता आलं असतं. पण गेल्या काही वर्षांत स्वच्छ तंत्रज्ञानाच्या मागे लागलेली किती तरी तरुण मुलंमुली मला भेटली, जी दार ठोठावून ठोठावून थकली आहेत. या क्षेत्रात तुमच्यासारखे गुंतवणूकदार आहेत हे त्यांना कळायला हवं, म्हणून उघड लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही.

तुमच्याकडे येण्याआधीचे अकरा महिने आम्ही दुसऱ्या एका गुंतवणूक फंडाच्या दारात काढले. पहिल्याच भेटीत त्यांनी ‘आम्हाला यात फार रस आहे’ असं सांगितलं. मग दर महिन्याला नवी मागणी. पाच वर्षांच्या उत्पन्नाचा अंदाज द्या. तो दिला की दहा वर्षांचा द्या. मग, याला एखादं अ‍ॅप जोडता येईल का, म्हणजे वाढ लवकर दाखवता येईल. उष्णता साठवणाऱ्या मिठाच्या डब्याला अ‍ॅप कशासाठी हवं, हे मी विचारलं नाही. आम्ही रात्री जागून त्याचाही आराखडा दिला. बारावा महिना लागला तसं त्यांनी फोन उचलणं बंद केलं. साधा नकारही कळवला नाही. त्यांच्या शब्दावर विसंबून आम्ही दुसरीकडे कुठे गेलोच नव्हतो. दोन इंजिनिअरांचे पगार थकले आणि त्यातला एक सोडून गेला. त्याला मी कधीच दोष दिला नाही. त्या फंडाला मात्र आजही देते. पैसे न देण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, आमचे अकरा महिने घेण्याचा नव्हता.

तुमच्यासमोर उभी राहिले ती अशा अवस्थेत. सादरीकरणात चोवीस स्लाइड होत्या आणि सगळ्या चांगल्या बातमीच्या होत्या. जगात जेवढी ऊर्जा प्रत्यक्ष वापराला येते तिच्यातली जवळपास निम्मी उष्णतेसाठी लागते, ही एक. एक किलो पाणी दहा अंशांनी तापवलं तर त्यात सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता मावते, पण एक किलो ग्लॉबर मीठ, म्हणजे आमचं हे मीठ, ३२ अंशांच्या आसपास नुसतं वितळताना सुमारे २५० किलोज्यूल पोटात घेतं आणि गोठताना परत देतं, ही दुसरी. दिवसाची ऊब रात्रीसाठी राखून ठेवायला इतका स्वस्त आणि साधा पदार्थ शोधून सापडणार नाही, ही तिसरी. सगळं खरं होतं. एक गोष्ट मात्र त्या चोवीस स्लाइडमध्ये नव्हती, आणि ती माझ्या बॅगेत होती. दाखवायला म्हणून आणली नव्हती. प्रयोगशाळेतून थेट निघाले, म्हणून बिघडलेल्या मिठाची ती बरणी बॅगेतच राहिली होती.

सहाव्या स्लाइडवर तुम्ही मला थांबवलंत. विचारलंत, ‘चक्रांचा हा आलेख चाळीसपाशीच का संपतो?’

खोलीत तुमच्या फंडातली आणखी चार माणसं होती. ‘पुढची चाचणी सुरू आहे’ असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. अकरा महिन्यांत तेवढं मी शिकले होते. पण तुमच्या विचारण्यात मला पकडण्याचा आविर्भाव नव्हता. मी बॅग उघडली आणि बरणी बाहेर काढली.

पुढची दोन-तीन मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. तुम्ही खुर्चीवरून उठलात. बरणी दोन्ही हातांनी घेतलीत, खिडकीशी नेलीत आणि उजेडात हळूच तिरपी केलीत. वरचं पाणी हललं, तळाचा पांढरा थर जागचा हलला नाही. तुम्ही रुमालानं काचेवरचे माझ्या बोटांचे ठसे पुसलेत आणि पुन्हा पाहिलंत. कुणी तरी घड्याळाकडे बघितलं, तुम्ही बघितलं नाही. मग टेबलाशी येऊन माझा लॅपटॉप हलकेच बाजूला सरकवलात, बरणी मधोमध ठेवलीत आणि म्हणालात, ‘आता कामाचं बोलू.’

सर, त्या क्षणापर्यंत ती बरणी म्हणजे माझी शरम होती. तुम्ही ती सगळ्यांसमोर ठेवलीत आणि तो एक प्रश्न झाला, ज्याच्याभोवती सहा माणसं बसून विचार करत होती. त्यानंतर तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत, पण मला विचाराल तर आमची कंपनी वाचली ती त्या टेबलावर.

दुखणं काय होतं ते वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ग्लॉबर मिठाच्या स्फटिकात सोडियम सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. तापल्यावर स्फटिक मोडतो आणि ते पाणी सुटं होतं, पण सगळं मीठ त्या पाण्यात विरघळत नाही. उरलेली निर्जल भुकटी जड असते, ती तळाशी बसते. गार होताना तिच्यावर नव्या स्फटिकांची साय धरते आणि वरचं पाणी खालच्या भुकटीपर्यंत पोचतच नाही. दर चक्रागणिक थोडं थोडं मीठ असं कायमचं कामातून जातं. आमचं चाळिसाव्या चक्रापर्यंत इतकं गेलं होतं की पुढचा आलेख दाखवायची हिंमत होत नव्हती.

दोन दिवसांनी तुमचा फोन आला. सहायकाचा नव्हे, तुमचा स्वतःचा. पहिल्याच वाक्यात तुम्ही नकार दिलात. मग कारण सांगितलंत: फंडाची मुदत दहा वर्षांची, त्यातली चार सरलेली, आणि प्रयोगशाळेतून छोट्या चाचणी प्रकल्पापर्यंत, तिथून पहिल्या कारखान्यापर्यंत जायला आम्हाला उरलेली सहा पुरणार नाहीत. ‘आमचे पैसे घेतलेत तर तीन वर्षांत आम्हीच तुमच्या मागे घाईचा लकडा लावू, आणि हे अर्धंकच्चं बाजारात जाईल.’ फोन ठेवल्यावर मी रडले, हे आज सांगायला हरकत नाही. पण त्या रडण्यात हलकेपणा होता. कुणी तरी आम्हाला खरं सांगण्याच्या लायकीचं समजलं होतं.

तुमच्या म्हणण्यातलं तथ्य मला पुढे वाचताना कळलं. २००६ ते २०११ या काळात व्हेंचर कॅपिटलवाल्यांनी, म्हणजे नव्या कंपन्यांत जोखमीचा पैसा घालणाऱ्यांनी, स्वच्छ तंत्रज्ञानात २५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घातली आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त गमावली, असा हिशेब अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एनर्जी इनिशिएटिव्हच्या अभ्यासात २०१६ साली मांडला गेला. सर्वांत वाईट हाल झाले ते नवे पदार्थ, नवी रसायनं, नव्या प्रक्रिया करणाऱ्यांचे, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. सॉफ्टवेअरला शोभणारा वेग मिठाला, धातूला लावला गेला. त्याच २०१६ मध्ये स्वच्छ ऊर्जेत गुंतवणूक करणारी ब्रेकथ्रू एनर्जी व्हेंचर्स उभी राहिली ती २० वर्षांची मुदत धरून, कारण अशा कामाला तेवढा धीर लागतो हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. धीराचा पैसा निराळा आणि घाईचा पैसा निराळा, हे तुम्ही मला एका फोनमध्ये समजावलंत, तेही आपल्याच फंडाचा सौदा सोडून.

आणि फोन ठेवता ठेवता दोन गोष्टी म्हणालात. ‘मारिया टेल्केस वाचा.’ आणि, ‘डबा एवढा खोल कशाला?’

टेल्केसबाईंबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं, याची आज खंत वाटते. हंगेरीत जन्मलेल्या या वैज्ञानिक बाईंनी १९४८ साली अमेरिकेतल्या डोव्हर गावी निव्वळ उन्हावर ऊबदार राहणारं घर उभं केलं. उष्णता साठवायला त्यांनी निवडलं होतं हेच ग्लॉबर मीठ. घराचा आराखडा एलेनॉर रेमंड या वास्तुरचनाकार बाईंचा, आणि पैसा अमेलिया पीबॉडी या शिल्पकार बाईंचा. पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईनं दुसरीच्या मिठावर विश्वास टाकून स्वतःचं धन लावलं! पहिले काही हिवाळे घर उबदार राहिलं. मग मिठाचे थर वेगळे झाले. तोच पांढरा थर, जो माझ्या बरणीत होता. टेल्केसबाई थांबल्या नाहीत. मीठ वेळेवर गोठावं म्हणून त्यात थोडा टाकणखार घालायची युक्ती त्यांचीच, आणि सत्तरीत पोचल्यावरही त्या डेलावेअर विद्यापीठाच्या ‘सोलर वन’ या घरासाठी मिठावरच काम करत होत्या. ज्या रात्री हे वाचलं त्या रात्री मला अनेक महिन्यांनी शांत झोप लागली. आमचं अपयश नवं नव्हतं. त्याला वंशपरंपरा होती.

डब्याचं म्हणाल, तर तुमच्या त्या एका प्रश्नावर आम्ही सहा महिने काम केलं. भुकटीला बुडायला खोलीच मिळाली नाही तर ती पाण्यापासून किती लांब जाणार? आम्ही उभे डबे टाकून दिले, बोटभर जाडीचे पसरट चौकोनी कप्पे केले, आणि भुकटी तरंगती राहावी म्हणून मीठ थोडं दाट केलं. यातलं काहीच आम्ही शोधून काढलेलं नाही. जुन्या शोधनिबंधांत हे सगळं आहे. पण जुनं कुठे शोधायचं हे दाखवणारं माणूस लागतं. पुढे तुम्ही अनुदानासाठी कुणाला शब्द टाकलात, ज्यांच्या हरितगृहात आमचे कप्पे आज रोपांना रात्रभर ऊब देतात त्यांच्याशी गाठ कशी घालून दिलीत, तो तपशील इथे नको. त्यात तुमचा एक पैशाचाही फायदा नव्हता, एवढं नोंदवून ठेवते.

सभ्यपणा हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. गोड बोलणं म्हणजे सभ्यपणा असं मला पूर्वी वाटायचं. त्या पहिल्या फंडातली सगळी माणसं अतिशय गोड बोलायची. समोरच्याचा वेळ आपल्या वेळेइतकाच मोलाचा मानणं, ‘नाही’ म्हणायचं असेल तर स्वतःच्या तोंडानं आणि वेळेवर म्हणणं, आणि कुणाचं फसलेलं काम हातात आलं तर ते दोन्ही हातांनी धरणं, हे मी तुमच्याकडे पाहून शिकले. आता कुणी मुलगी आपला प्रोटोटाइप घेऊन आमच्याकडे सल्ल्याला येते तेव्हा मी आधी विचारते, काय मोडलं ते दाखवशील? त्यांचे चेहरे सैल होताना दिसतात, सर. माझाही तसाच झाला असणार.

ती बरणी आमच्या चाचणीच्या टेबलावरच असते. नवीन येणाऱ्याच्या हातात सगळ्यात आधी ती देतो.

हजार चक्रांचा आलेख या पत्राच्या पाठीवरच आहे. या वेळी तो चाळीसपाशी थांबत नाही. मात्र सहाशेच्या थोडं पुढे एक खळगा आहे: वीस-पंचवीस चक्रं क्षमता खाली गेली आणि आपोआप वर आली. कारण अजून सापडलेलं नाही. तेवढ्या भागाला लाल पेनानं गोल केला आहे. तुम्हाला सवड होईल त्या दिवशी आम्ही कप्पा घेऊन येतो.

तुमची कृतज्ञ,
खिडकीशी उभ्या असलेल्या तुमच्याकडे पाहत राहिलेली ती मुलगी