आईच्या गॅलियम स्कॅनचे 19,500 रुपये का कापले?

प्रति, क्लेम डिपार्टमेंट आणि ग्रिव्हन्स ऑफिसर,

नमस्कार, माझ्या आईच्या लिव्हरच्या ऑपरेशनचा क्लेम तुम्ही पास केलात पण त्याआधीच्या गॅलियम डोटानॉक पेट स्कॅनचे 19,500 रुपये कापलेत, कारण काय तर डुप्लिकेट तपासणी. फोनवर तुमचा माणूस म्हणाला, मॅडम पेट स्कॅन एकदा झालाय ना, मग परत कशाला. ऐकून मला रडूच आलं.

आईच्या लिव्हरमधे 6 सेंटीमीटरची गाठ निघाली. आधी सगळ्यांना लिव्हरचा नेहमीचा कॅन्सर वाटला, पण एएफपी (त्या कॅन्सरमधे बऱ्याचदा वाढणारं रक्तातलं प्रोटीन) नॉर्मल आणि बायोप्सीत क्रोमोग्रॅनिन, सिनॅप्टोफायसिन ह्या दोन्ही खुणा पॉझिटिव्ह, केआय-67 (पेशी किती वेगाने वाढतात त्याचं माप) 2 टक्के, म्हणजे ग्रेड 1, हळू वाढणारा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ. आता अशी गाठ लिव्हरमधे सापडली तरी बहुतेक वेळा ती तिथली नसतेच, आतड्यातून, स्वादुपिंडातून नाहीतर फुफ्फुसातून पसरत आलेली असते. मूळ लिव्हरचीच असणं फारच दुर्मिळ, आणि नुसत्या बायोप्सीवरून ते ठरत नाही, बाकी कुठेच काही नाही हे बघितल्यावरच डॉक्टर तसं म्हणू शकतात.

आधी झालेला पहिला पेट स्कॅन एफडीजीचा, तो साखर जास्त ओढणाऱ्या पेशी दाखवतो, आईची गाठ हळू वाढणारी, त्यात ती जेमतेम दिसली. गॅलियमवाला स्कॅन सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या एका हार्मोनला पकडणाऱ्या जागा शोधतो, ज्या ह्या ट्यूमरवर सहसा भरपूर असतात. मशीन तेच असेल पण टोचायचं औषध वेगळं आणि शोधायची गोष्टही वेगळी, मग डुप्लिकेट कसं? त्या औषधातलं किरणोत्सर्गी गॅलियम-68 दर 68 मिनिटांनी निम्मं होतं, लांब पाठवता येत नाही, म्हणून आम्ही सांगलीहून पहाटे 3 ला निघून पुण्याला गेलो. आई बाहेर बाकावर शाल पांघरून बसलेली, जुन्या रिपोर्टांची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून. स्कॅनमधे फक्त लिव्हरची गाठ चमकली, बाकी काही नाही, एंडोस्कोपी कोलोनोस्कोपी पण क्लीन, तेव्हा कुठे सर्जन म्हणाले की काढूया.

म्हणजे ज्या ऑपरेशनचे पैसे तुम्ही दिलेत ते ठरलंच ह्या स्कॅनवर. स्कॅन ॲडमिशनच्या 17 दिवस आधीचा आहे, माझ्या पॉलिसीत आधीचे 30 दिवस कव्हर आहेत. सर्जनची चिठ्ठी, दोन्ही स्कॅनचे रिपोर्ट, बायोप्सी सगळं जोडलंय, ते कृपया कॅन्सरचं समजणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि कापलेले पैसे द्या. 30 दिवसांत काही झालं नाही तर मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे. उत्तर लेखी पाहिजे, फोन नको.