जुना सेमिनार पेपर आणि नवी उत्तरपत्रिका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पीएचडीचे विद्यार्थी सर्वंकष परीक्षा (प्रबंधाआधी साऱ्या विषयक्षेत्रावर होणारी परीक्षा) घरी बसून लिहितात, तेव्हा कोर्सवर्कमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या अभ्यासक्रमात, लिहिलेले त्यांचेच निबंध म्हणजे सेमिनार पेपर संगणकात तयार असतात. त्यातले किती वापरायचे, याबद्दल अनेकदा प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनांत चकार शब्द नसतो. मग एखादा प्रामाणिक विद्यार्थी स्वतःच्याच कामाला हात लावायला घाबरतो आणि दुसरा आठ पाने जशीच्या तशी चिकटवून मोकळा होतो.

याला 'स्वतःचीच चोरी' म्हटल्याने घोळ वाढतो. चोरी कोणाचीच झालेली नसते. आक्षेप असतो तो एकाच मजकुराचे गुण दोनदा घेण्याला आणि जुने लेखन नवे म्हणून पुढे करण्याला. एपीए या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनशैली मार्गदर्शिकेची सातवी आवृत्ती (2020) हेच धरून सांगते, की एका वर्गासाठी लिहिलेला निबंध दुसरीकडे वापरायचा असेल तर आधी शिक्षकांशी बोला. मुद्दे, वाचन, संदर्भसूची मात्र खुशाल वापरावी. कोर्सवर्क असते ते परीक्षेच्या तयारीसाठीच.

मजकूर चिकटवणे नियमाच्या आधी उत्तरालाच मारक ठरते. सेमिनार पेपर एका अरुंद प्रश्नाभोवती विणलेला असतो, तर सर्वंकष परीक्षेत साऱ्या क्षेत्रातले वाद एकमेकांशी जोडून दाखवायचे असतात. जुना परिच्छेद आणला की त्याची प्रस्तावना, त्याच्या व्याख्या आणि शिक्षकांनी समासात दाखवलेल्या चुकाही सोबत येतात. संदर्भांची यादी पेपर लिहिला त्या वर्षी थांबलेली असते आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न नेमका त्यानंतरच्या संशोधनावर येतो. शिवाय मजकुरातले साम्य शोधणाऱ्या टर्निटिनसारख्या संगणक प्रणालीत जुना पेपर साठवलेला असेल, तर तिच्या साम्य अहवालात तो परिच्छेद रंगून येतो. तो मजकूर कोणाचा होता, हे अहवालातली साम्याची टक्केवारी सांगत नाही; खुलासा विद्यार्थ्यालाच करावा लागतो. गटाने केलेल्या प्रकल्पात तर सहकाऱ्यांची वाक्येही मिसळलेली असतात. ती आपली म्हणून देणे सरळ वाङ्मयचौर्यच.

विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी प्रत्येक पेपरचे एका पानाचे टिपण करावे: मुख्य दावा, त्याचा आधार, पाच-सहा महत्त्वाचे संदर्भ पृष्ठांकांसह, सर्वांत बळकट प्रतिवाद आणि शिक्षकांचा शेरा. पृष्ठांक जुन्या पेपरवरून न उतरवता मूळ ग्रंथातून तपासावेत, कारण एकदा झालेली चूक पुढे तशीच फिरत राहते. परीक्षेच्या दिवसांत फक्त हे टिपण उघडावे, पेपरची फाइल उघडूच नये. फाइल समोर असली की 'दोनच वाक्ये घेऊ' म्हणता म्हणता पान होते. आणि एकच पेपर एकाच परीक्षेतल्या दोन उत्तरांचा कणा करू नये. परीक्षकांना तो लगेच दिसतो.

परीक्षा समितीच्या अध्यक्षांना ईमेलने तीन गोष्टी विचाराव्यात: जुनी वाक्ये चालतील का, स्वतः केलेले तक्ते आणि आकृत्या चालतील का, आणि त्यांचा उल्लेख कसा करायचा. तोंडी होकारावर विसंबू नये, कारण उत्तरे तपासणारा परीक्षक वेगळा असू शकतो. परवानगी मिळाली तर तळटीप पुरते: 'या भागातील मांडणी माझ्या अमुक सत्रातील अमुक पेपरवर आधारित आहे, मजकूर नव्याने लिहिला आहे.' वाक्ये जशीच्या तशी घेतली असतील तर ती अवतरणात द्यावीत.

विभागांकडे मागणी एवढीच, की प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर ही सूचना छापावी: 'कोर्सवर्कमधील कल्पना व संदर्भ वापरता येतील. आधी सादर केलेला मजकूर पूर्वपरवानगी आणि उल्लेखाशिवाय वापरू नये.' आणि साम्य अहवालातला आकडा पाहून निकाल देण्याआधी परीक्षकांनी जुळलेला परिच्छेद स्वतः वाचावा.

आपला,
एक वाचक