'शॉर्ट सर्किट' लिहिण्याआधी चार लोकांना विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका गोडाऊनच्या आगीची बातमी होती आणि शेवटची ओळ नेहमीचीच, 'आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचं समजतं.' अजून धूर निघत होता तेव्हाच कोणीतरी हे सांगून टाकलं असणार. मी १९ वर्षं इंदुरात इन्शुरन्स सर्वेयर आहे, जळालेली दुकानं, गोडाऊन, कारखाने बघणं हेच माझं काम, आणि ही ओळ मी स्वतःच्या रिपोर्टात पण कित्येकदा लिहिलीय, म्हणून आज लिहायला बसलो.

७ मे २०२२ ची स्वर्णबाग कॉलनीची आग आठवा. विजयनगरकडची ती बिल्डिंग, पहाटेची वेळ, लोक झोपेत, ७ जण गेले. सकाळी सगळीकडे एकच, मीटरपाशी शॉर्ट सर्किट झालं आणि खालच्या गाड्या पेटल्या. मग पोलिसांनी सीसीटीव्ही बघितलं तर एक मुलगा स्कूटरला आग लावताना दिसला. कॅमेरा नसता तर ते ७ मृत्यू आजही मीटरच्याच नावावर असते, आणि मला हाच विचार झोपू देत नाही की बिना कॅमेऱ्याच्या अशा किती आगी आम्ही मीटरच्या खात्यावर टाकून फाइल बंद केली असेल.

माझंच सांगतो. सुरुवातीच्या काळात एक रेडिमेड कपड्यांचं दुकान जळालं, मी गेलो, बोर्डाखाली तांब्याच्या वायरच्या टोकाला तांबं वितळून बनलेला एक गोल दाणा दिसला, मोहरीपेक्षा जरा मोठा, चकचकीत. फोटो काढला, शॉर्ट सर्किट लिहिलं, क्लेम पास झाला, कोणी काही विचारलं नाही. पण त्या दुकानाचं वायरिंग केलेला इलेक्ट्रिशियन आमच्याच मोहल्ल्यातला होता, त्याला नंतर बाजारात कोणी काम देईना. दोन वर्षांत तो धंदा सोडून लोडिंग रिक्षा चालवायला लागला.

खूप वर्षांनी मी आगीच्या तपासाचं काम करणाऱ्यांच्या एका असोसिएशनचा मेंबर झालो आणि एका ऑनलाइन मीटिंगमध्ये तो फोटो दाखवला. एका सीनियर बाईंनी एवढंच विचारलं, सप्लाय चालू होता ना? होता म्हटलं. मग त्या म्हणाल्या, आग दुसरीकडून आली, वायरचं कव्हर जळालं, वायरला वायर लागली, तरी हाच दाणा बनणार. म्हणजे दाणा फार तर इतकंच सांगतो की आग पोचली तेव्हा त्या वायरीत करंट होता. आणि तो दाणा स्पार्किंगचाच आहे का हेही बघावं लागतं, तांबं १०८५ डिग्रीला वितळतं, स्पार्किंगनं वितळलं असेल तर वितळलेला भाग आणि चांगली वायर यांच्यात रेघ मारल्यासारखी हद्द दिसते, आगीच्या धगीनं वितळलं असेल तर वायर हळूहळू निमुळती होत जाते. हे मला आधी कोणी शिकवलंच नव्हतं. मी एकटा जात होतो, एकटा लिहीत होतो, चूक दाखवणारा कोणी नव्हता.

माझ्या मते असोसिएशनचा खरा फायदा हाच. या कामातली जी मोठी संस्था आहे, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ आर्सन इन्व्हेस्टिगेटर्स, ती अमेरिकेत १९४९ मध्ये सुरू झाली. तिच्यात फायर ब्रिगेडवाले, पोलीस, इन्शुरन्सवाले, लॅबवाले, वकील असे सगळे येतात, मेंबरांना आचारसंहिता आहे, परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळतं आणि तेही ५ वर्षांनी पुन्हा सिद्ध करावं लागतं. त्यांचे ऑनलाइन कोर्स तर फ्री आहेत, कोणीही रात्री घरी बसून करू शकतं. मी तिथंच शिकलो की पेट्रोल-रॉकेलचा संशय असेल तर राख प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची नाही, वाफ निघून जाते, घट्ट झाकणाचा नवा कोरा पत्र्याचा डबा लागतो. आता माझ्या गाडीच्या डिक्कीत असे सहा डबे कायम असतात, सियागंजातून आणलेले.

चूक किती महाग पडते ते अमेरिकेतच दिसलं. टेक्सासमध्ये १९९१ मध्ये एका घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या, बापावर, कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमवर, आग लावल्याचा आरोप, आणि २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला. तपास करणारे म्हणाले होते की काचेला जाळीसारखे तडे आहेत, म्हणजे कोणीतरी पेट्रोलसारखं काही ओतलं. असे तडे तापलेल्या काचेवर पाणी पडलं तरी येतात, फायर ब्रिगेडच्या पाइपचं पाणी. नंतर बड्या तज्ज्ञांनी ते पुरावे बघून सांगितलं की आग मुद्दाम लावली असं म्हणायला शास्त्रीय आधारच नव्हता. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची आगीच्या तपासाची गाइड, एनएफपीए ९२१, पहिल्यांदा आली १९९२ मध्ये. ती आज स्पष्ट सांगते, बाकी काही सापडलं नाही म्हणून उरलेलं कारण लिहून टाकायचं नाही, 'कारण ठरवता येत नाही' असं लिहायचं. आपल्याकडे हे चार शब्द लिहायची कोणाची हिंमत होत नाही, वरून फोन येतो की काहीतरी लिहा, फाइल लटकलीय.

नुसतं कार्ड खिशात ठेवून काही होत नाही हे मला मान्य. असे मेंबर मी पण बघितलेत, लेटरहेडवर चार अक्षरं वाढतात आणि काम तेच. सर्वेयरच्या लायसन्ससाठी एक मेंबरशिप लागतेच, पण ती आमच्या एकूण धंद्याची, आगीत काय शोधायचं हे वेगळं शिकावं लागतं. आणि फी आपल्या खिशातून भरणं सगळ्यांना जमत नाही, विशेषतः फायर ब्रिगेडच्या पोरांना, जी सगळ्यात आधी आत जातात आणि ज्यांनी बघितलेलं नंतर कोणी विचारतच नाही, दार आतून बंद होतं का, धूर काळा होता का पांढरा. त्यांची फी खात्यानं भरावी, इन्शुरन्स कंपन्यांनी आपल्या सर्वेयरांची भरावी, एका चुकीच्या क्लेमपेक्षा ती खूप कमी आहे.

तुम्हालाही एक विनंती. बातमीत पहिल्या दिवशी कारण छापू नका, 'तपास सुरू आहे' एवढं पुरे आहे.

आणि इंदुरात या कामात जे कोणी आहेत, फायरवाले, विजेचे इंजिनियर, सर्वेयर, लॅबमधले, त्यांनी महिन्यातून एक रविवार तरी एकत्र बसावं अशी माझी फार इच्छा आहे. एखादी जुनी फाइल टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून तपासायची. पहिली फाइल मी आणतो, त्या कपड्यांच्या दुकानाची. तो इलेक्ट्रिशियन अजून रामबागेतून रिक्षा घेऊन जाताना दिसतो, त्यालाही बोलवायचंय.

आपला,
एक इन्शुरन्स सर्वेयर,
रामबाग, इंदूर