हात पाठीमागे बांधून उभ्या राहिलेल्या मेकॅनिकदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हे वाचाल की नाही याची शंकाच आहे. तुमच्या फोनच्या काचेवर कायम ग्रीसचा थर असतो आणि त्यावर पार्ट नंबर शोधण्यापलीकडे तुम्ही काही करताना मी पाहिलं नाही. तरी जाहीरच लिहितेय, कारण समोर येऊन आभार मानायला गेले तेव्हा "अहो ताई, त्यात काय" म्हणून तुम्ही पुढच्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घातलंत. शिवाय तुमच्याआधी जे भेटले त्यांचा राग अजून पोटात आहे. तोही कुठेतरी ओतायला हवा.

मग आधी तोच ओतून घेते.

मुलगा लायसनच्या वयाचा झाला, चार पैसे कमवायला लागला. स्वतःच्या पैशात आमची थोडी भर घालून एखादी जुनी गाडी घ्यायची आणि तिची कामं स्वतः शिकायची, असं त्याच्या डोक्यात. नातेवाइकांनी नेहमीप्रमाणे दोन टोकं गाठली. एकांच्या मते जुनी गाडी म्हणजे विकतचं दुखणं, दुसऱ्यांच्या मते सनरूफ नसेल तर पोराची मित्रांत काय इज्जत राहणार! शेवटी एक छोटी पेट्रोल हॅचबॅक पसंत पडली. रंग असा चकचकीत की त्यात आपलं तोंड दिसावं. आम्ही शहाण्यासारखी ती एका गॅरेजवाल्यांना रीतसर पैसे देऊन दाखवली. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली, तापलेलं इंजिन जरा रेस केलं आणि म्हणाले, "टॉप कंडिशन. डोळे झाकून घ्या." त्यांनी स्वतःचे आधीच झाकले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

मुलानं तेवढ्यात विचारलं, "हिला टायमिंग बेल्ट आहे की चेन?" तर ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "आजकालची पोरं व्हिडिओ बघून येतात हो." उत्तर काही दिलं नाही. ते त्यांना ठाऊकच नव्हतं, असा माझा आता पक्का संशय आहे.

खरं तर जुनी गाडी घेताना विचारायचा पहिल्या पाचातला प्रश्न होता तो. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा रबरी पट्टा. तो ठरावीक किलोमीटर झाले किंवा ठरावीक वर्षं झाली की बदलावा लागतो. नाही बदलला आणि चालत्या गाडीत तुटला, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो आणि स्वस्तात मिळालेली गाडी एका क्षणात महाग होते. मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मुलाला माहीत होतं, आणि त्याला हसण्यावारी नेलं गेलं. तो त्या दिवशी घरी येऊन फारसा बोलला नाही.

टोकन द्यायच्या आदल्या दिवशी कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. तुम्ही गाडी गॅरेजला मागवली नाहीत. ती उभी असते तिथे भल्या सकाळी स्वतः आलात आणि आल्या आल्या मुलाला म्हणालात, "बॉनेटवर हात ठेव." रात्रभर जागची न हललेली गाडी, आणि बॉनेट गरम! विकणाऱ्यानं आमच्या आधी उठून इंजिन तापवून ठेवलं होतं. थंड इंजिनाची खडखड, पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून येणारा निळा धूर, हे सगळं झाकण्याचा तो जुना मार्ग आहे, असं तुम्ही सांगितलंत. सांगितलंत ते त्याला. मी शेजारी होते, ऐकत होते, पण तुमचं तोंड त्याच्याकडे होतं.

मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावलात. दोषाचा एकही कोड नाही. मी हुश्श म्हणणार, तेवढ्यात तुम्ही दुसरं पान उघडलंत. तिथे गाडीच्या स्वतःच्या बहुतेक तपासण्या अपूर्ण दिसत होत्या. म्हणजे मेमरी नुकतीच पुसली गेलेली. "बॅटरी काढून लावली तरी असं होतं," हेही तुम्ही लगेच म्हणालात. समोरच्या माणसाला चोर ठरवायची घाई तुम्ही केली नाहीत, हे मला फार आवडलं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचायला शिकवलंत: २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर किलोमीटर जेमतेम, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत. लोहचुंबक मागच्या दारावर धरलात तर चिकटेचना, म्हणजे पत्र्याचा पोचा लपवायला आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. एवढं झाल्यावर कुणीही "घेऊ नका" म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही मुलाला विचारलंत, "आता तू सांग, घ्यायची?"

तो "नको" म्हणाला. त्याच्या आवाजात मी बऱ्याच दिवसांनी असा ठामपणा ऐकला.

पुढे जी घेतली तिला चकाकी नव्हती, उजव्या बाजूला पोचा होता, पण सर्व्हिसच्या नोंदी पहिल्या दिवसापासूनच्या होत्या. टचस्क्रीन नाही म्हणून तो जरा खट्टू झाला, तेव्हा एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी सोय, आणि एअरबॅगवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "नव्या ड्रायव्हरला हे लागतं. गाणी फोनवर ऐक." विषय संपला.

मग गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे इंजिनाचा ठोका मध्येच चुकायला लागला. तुम्ही नेमके रजेवर, म्हणून दुसरीकडे नेली. तिथे सगळा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार. आधी फिल्टर बदलला, मग एक सेन्सर, मग म्हणे पेट्रोलच खराब. दर वेळी नवं बिल, आणि गाडी आपली झटके देतेच आहे. मुलगा बघायला जवळ गेला की "लांब उभा राहा रे, हात काळे होतील". हात काळे करायलाच तर आला होता तो!

तुम्ही परत आल्यावर कोड वाचलात: पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीची वीज देणारी एक कॉइल असते. तुम्ही नवा पार्ट मागवला नाहीत. त्याला म्हणालात, "दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लाव, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि चक्कर मारून ये." आला तर कोड पी०३०३. दोष कॉइलबरोबर शेजारच्या सिलिंडरवर गेला होता, म्हणजे कॉइलच गेलेली. फुकटात झालेलं निदान, तेही पोराच्या हातून. तो स्क्रीनवरचा आकडा मला दोनदा दाखवून गेला.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

स्पार्क प्लगही जुने झाले होते. ते त्यानंच बदलायचे असं तुम्ही ठरवलंत. आमच्या घरात या मुलाची ख्याती अशी की हात लावीन ते मोडीन. चष्मे, कुलपं, मिक्सरचं झाकण. तो स्वतःही तसंच मानायला लागला होता. प्लग खोल नळीत बसतो, दिसत नाही, हाताच्या अंदाजानं लावायचा. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. वाकडा गेला आणि पान्यानं जोर केला की हेडचे आटे गेलेच, मग भुर्दंड केवढा ते विचारू नये. हे सगळं तुम्ही त्याला आधी सांगून ठेवलं होतंत, त्यामुळे त्याच्या हाताला कापरं भरलेलं. शेवटचा प्लग बसेना. तो म्हणाला, "काका, हा तुम्हीच लावा ना."

मी "हो, लावा ना" म्हणायला तोंड उघडलं होतं.

तुम्ही फडक्याला हात पुसलेत, दोन पावलं मागे सरलात आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेत. "आधी उलटा फिरव. आटा सापडला की खट् वाटेल. मग सुलटा. पाना लावायचा नाही, नुसती बोटं." तो म्हणाला, जमत नाहीये. तुम्ही म्हणालात, "सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?" बाहेर एक गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं. तुम्ही तिकडे पाहिलंही नाहीत.

मी तुमच्या मागे उभी होते, म्हणून मला एक गोष्ट दिसली जी त्याला दिसली नाही. पाठीमागे तुमची बोटं चालू होती. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी हवेतल्या हवेत प्लग फिरवत होती, आधी उलटी, मग सुलटी. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं. ज्या कामाला तुम्हाला डोळे मिटून दोन मिनिटं लागली नसती, ते दुसऱ्याला धडपडत करू देताना तुमचे हात किती शिवशिवत होते, ते मला तिथे कळलं. तरी ते सुटले नाहीत.

मग त्याला खट् वाटलं. त्यानं मान वर केली आणि हसला. उरलेलं काम टॉर्क रेंचचं, म्हणजे ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या पान्याचं होतं, ते मी नीट पाहिलंही नाही.

तुमचे हात सुटलेले मी एकदाच पाहिलेत. गाडी नुसत्या जॅकवर होती आणि तो खाली सरकायला निघाला, तेव्हा तुम्ही त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलंत. ओरडलातही. "जॅक उचलायला असतो, धरायला स्टँड!" एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरनाही अजून हात लावायला बंदी आहे, आणि ब्रेकचं काम त्यानं केलं तरी शेवटची तपासणी तुमची. कुठे चूक परवडते आणि कुठे जिवावर बेतते, यातली रेघ तुम्हाला नेमकी ठाऊक आहे. बहुतेक शिकवणारे एकतर सगळीकडे ओरडतात, नाहीतर कुठेच नाही.

एक गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बेर्था बेंझ आपल्या नवऱ्याला, कार्ल बेंझला, न सांगता त्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली, १०० किलोमीटरच्या वर. मोटारीनं केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो. बरोबर कोण, तर तिची दोन पोरं, पंधरा आणि तेरा वर्षांची. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. लाकडी ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांनी गाडी ढकलली. तेव्हा "लांब उभे राहा रे, हात काळे होतील" म्हणणारं कुणी बरोबर नव्हतं, हे बरंच झालं म्हणायचं. मोटार हा प्रकार पहिल्यापासून पोरासोरांच्या मदतीनंच रस्त्यावर आलाय. मध्येच कधीतरी आपण त्यांना बॉनेटपासून हाकलायला लागलो.

मला गाड्यांमधलं आजही विशेष कळत नाही. पण माणसं थोडीफार कळतात. हुशार माणसं पुष्कळ भेटतात, कष्टाळूही भेटतात. येत असलेली गोष्ट न येणाऱ्यासमोर मिरवत नाहीत, आणि त्याचा वेळ स्वतःच्या वेळाइतकाच मोलाचा धरतात, अशी मात्र कमी. डॉक्टरांत, शिक्षकांत, ऑफिसात, सगळीकडेच कमी. आम्ही घरचेसुद्धा त्यात मोडत नाही, हे त्या प्लगच्या वेळी माझ्या उघडलेल्या तोंडानं दाखवून दिलंच.

हल्ली घरातलं कुलूप अडलं की तो स्वतः उठतो. परवा मिक्सर उघडून बसला होता. आधी सगळे स्क्रू काढलेल्या क्रमानं कागदावर मांडून ठेवले, ही तुमचीच सवय. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला घाई होती, फार घाई होती, आणि मी हात पाठीमागे बांधले. जमलं. पण दादा, अवघड आहे हो ते!

आता कामाचं. ब्रेक ऑइलला दोन वर्षं होत आलीत. ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग लवकर उकळतं, हे मला घरी जेवताना सविस्तर ऐकवण्यात आलंय, तेव्हा पुढच्या आठवड्यात तो येईल. बरोबर त्याचा मित्र असेल. त्यालाही पहिली गाडी घ्यायचीय, आणि त्याच्या वडिलांना एक सनरूफवाली फार आवडलीय. आमच्या चिरंजीवांनी त्यांना आधीच बजावून ठेवलंय की गाडी सकाळी थंड असताना बघायची आणि विकणाऱ्याला आदल्या रात्री फोन करायचा नाही. तुम्ही फक्त सोबत उभे राहा. आणि या वेळी तपासणीचे पैसे घ्या, नाहीतर मी पुन्हा असंच जाहीर पत्र लिहीन.

तुमची,
मिक्सरवाल्याची आई