तो पोपट नव्हता रे!

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. गॅलरीत अंग फुगवून बसलेला तो पाहुणा कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला पोपट नव्हता रे, तो नवरंग! हिरवी पाठ, पंखावर निळी झळक, डोळ्यावरून ओढलेला काळा पट्टा, बदामी पोट आणि शेपटीखाली कुंकवासारखा लाल. अंगभर एवढा थाट, शेपटीला मात्र कापड कमी पडलेलं.

‘आजवर दिसला कसा नाही?’ असं विचारतोस. अरे, आपण माना वर करून फांद्या धुंडाळतो आणि हा खाली पाचोळा उलथत, टुणटुण उड्या मारत किडे-गांडुळं वेचत असतो. शिवाय लाल रंग पोटाखाली दडलेला, वरून दिसते ती हिरवी पाठ. त्याला शोधावं ते कानांनी. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. तमिळमध्ये त्याचं नावच ‘आरुमणि कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी. आणि गंमत बघ, शास्त्राच्या काटेकोर हिशेबात हा खऱ्या गायक पक्ष्यांत बसत नाही. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तर १७६६ मध्ये त्याला चक्क कावळ्यांच्या गोतात घातलं होतं!

तुझ्याकडे तो आला असणार तो थकून. हिवाळा दक्षिण भारतात नाहीतर श्रीलंकेत काढायचा आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे निघायचं, मध्य भारतापासून पार हिमालयाच्या पायथ्यापर्यंत. प्रवास रात्रीचा. त्यात दमछाक झाली की असे नवरंग घरांत, अंगणांत उतरलेले सापडतात. मुक्कामाला पोचले की काड्या-पानांचा गोल गोळा रचायचा, त्याला बाजूने दार ठेवायचं आणि आत चार-पाच पांढरी, ठिपकेदार अंडी.

तू त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवलंस आणि चोच उघडून पाणी पाजलं नाहीस, हे फार बरं केलंस. सोडल्यावर भरारी न घेता झुडपात शिरला म्हणून हिरमुसलास ना? वेड्या, त्याचं घरच ते. एक-दोन दिवस तिथेच रेंगाळला तर पहाटे शीळ येईल. तुझं आठला उठणं मला ठाऊक आहे, तेव्हा गजर लाव. आणि ऐकू आली तर लगेच फोन कर, मी जागाच असेन.

तुझाच,
पाखरवेडा