कॉइलओव्हर घेताना आधी स्प्रिंगचा रेट विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रोजच्या वापराच्या गाडीला कॉइलओव्हर, म्हणजे उंची आणि कडकपणा बदलता येणारे शॉकअप, बसवून घेणारे तरुण आता लहान शहरांतही दिसतात. दुकानात चौकशी होते ती दोनच गोष्टींची: क्लिक (शॉकअपचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबचे टप्पे) किती आणि गाडी किती खाली बसेल? खरा प्रश्न स्प्रिंगच्या रेटचा, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती किलो भार लागतो याचा असतो. तो मात्र कुणी विचारत नाही आणि बिलावरही क्वचितच लिहिलेला असतो.

साध्या हॅचबॅकच्या पुढच्या एका चाकावर, चाक-ब्रेकचे वजन सोडून, अंदाजे 270 किलो भार असतो. मॅकफर्सन स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेली पुढची रचना) 3 किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग लावली तर गाडीची डोलण्याची वारंवारता सेकंदाला सुमारे 1.6 येते. ही घट्ट असली तरी रोज सोसवणारी आहे. 6 किलोची स्प्रिंग लावली की तीच 2.2 च्या पुढे जाते. एवढा कडकपणा गुळगुळीत ट्रॅकसाठी ठीक. खड्ड्यांच्या रस्त्यावर टायर जमिनीला धरून राहत नाही, ओल्या वळणावर पकड सुटते आणि ब्रेकचे अंतर वाढते. क्लिक 32 असोत की 16, चुकीची स्प्रिंग त्यांनी बरोबर होत नाही.

उंचीबाबत माझे मत ठाम आहे: आपल्या रस्त्यांवर मूळ उंचीपेक्षा 15 ते 20 मिलिमीटरहून जास्त खाली जाऊ नये. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, पण सोसायटीच्या दारातले गतिरोधक त्याहून कितीतरी अरुंद आणि उभे असतात. शिवाय गाडी 40 मिलिमीटर खाली आणली की पुढचे लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे) बाहेरच्या टोकाला वर चढलेले दिसतात. मग वळणावर गाडी उलट जास्त कलते, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढले जाते आणि शॉकअप बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आदळू लागतो. हे तपासायला शॉकअपच्या रॉडवर एक केबल टाय घट्ट सरकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्याने गाडी फिरवून आणा. टाय बंप स्टॉपपर्यंत ढकलला गेला असेल तर उंची वाढवा.

उंची बदलण्याच्या दोन पद्धती आहेत: स्प्रिंगखालची रिंग फिरवणे किंवा शॉकअपचा खालचा ब्रॅकेट फिरवणे. खालचा ब्रॅकेट फिरवून शॉकअपची लांबीच बदलणारा प्रकार घ्यावा, कारण त्यात उंची बदलली तरी चाकाची वरखाली होण्याची जागा कायम राहते. त्यात स्प्रिंगखालची रिंग एकदाच लावायची: चाक लटकवल्यावर स्प्रिंग सैल खुळखुळणार नाही इतकीच. रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. सरळ स्प्रिंगचा रेट आवळून बदलत नाही. रिंग आवळल्याने गाडी वर उचलली जाते आणि चाकाला खड्ड्यात उतरायला जागा कमी उरते.

बसवताना सगळ्यात जास्त नुकसान होते ते रबरी बुशांचे, म्हणजे सांध्यातल्या रबरांचे. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले तर खाली उतरताच बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. चाके जमिनीवर, गाडीचे वजन चाकांवर, मगच बोल्ट शेवटचे आवळावेत. वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवू नये. रॉड गरगरतो आणि सील जाते. टॉप माउंट (शॉकअपचे वरचे टोक गाडीला जोडणारा भाग) रबरी घ्या. पिलोबॉल, म्हणजे धातूच्या गोळ्याचे सांधे, धुळीत आणि पावसात लवकर ढिले होऊन खटखटू लागतात.

क्लिक लावताना आधी थंड टायरमध्ये दाराच्या स्टिकरवरची हवा भरा. नॉब हलक्या हाताने पूर्ण कडक टोकाला न्या आणि तिथून मागे मोजा. एका अ‍ॅक्सलची डावी-उजवी बाजू सारखीच हवी. मधून सुरुवात करा, एका वेळी एकच अ‍ॅक्सल, दोनच क्लिक, रस्ता आणि वेग तोच. उंचवट्यावरून गेल्यावर नाक दोन-तीनदा डोलत असेल तर कडक करा. द्रुतगती महामार्गाच्या काँक्रीटच्या सांध्यांवर पहिला धक्का सौम्य आणि पुढचे वाढत्या जोराचे बसत असतील तर रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडताना शॉकअपने केलेला विरोध) जास्त झाला आहे: चाक पुन्हा खाली यायच्या आतच पुढचा सांधा येतो. अशा वेळी सैल करायचे असते. बरेच जण उलट कडक करतात.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसते. तेव्हा चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजून मगच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करावी. पुढचा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा तिरपेपणा; उणे म्हणजे वरची बाजू आत) उणे एक अंशाच्या आसपास, टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे) कंपनीच्या मापात. टायरची आतली कड खाल्ली जाते ती बहुधा कॅम्बरपेक्षा टो बिघडल्याने. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी एकच तुळई) असेल तर तिथे कॅम्बर जुळवायची सोय बहुतेक नसतेच. हेडलाइटचा झोतही नव्याने जुळवून घ्या. कोकणातल्या गाड्यांच्या कॉइलओव्हरचे आटे दर पावसाळ्यानंतर ब्रशने साफ करून वंगण लावावे, नाहीतर रिंगा गंजून जाम होतात.

गॅरेजवाल्यांना आग्रहाची विनंती: स्प्रिंगचा पुढचा-मागचा रेट, चारही उंच्या, क्लिकची संख्या आणि अलाइनमेंटचे आकडे बिलासोबत लेखी द्यावेत. आणि काढलेले मूळ शॉकअप टॉप माउंटसकट ग्राहकाला परत करावेत, ते भंगारात घालू नयेत.

आपला,
सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचे काम करणारा एक वाचक, चिंचवड